बैलाच्या पोटातला माणूस

ऐन परीक्षेच्या दिवसांत होस्टेलच्या गॅलरीत बुलबुल घरटं बांधतो. आपण काय करतो? मोबाईल काढायचा, हात लांब करायचा आणि खटाखट दहा फोटो घ्यायचे! हा घरट्यांच्या फोटोंचा नाद जगाला लावणाऱ्यांमध्ये एक माणूस अगदी पहिल्या रांगेतला. त्याच्या वेळी ना झूम होता, ना मोबाईल. शिवाय तो एका पायाने लंगडत चालायचा. त्याचं नाव रिचर्ड कीअर्टन.

रिचर्डचा जन्म १८६२ सालचा. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये स्वेलडेल नावाचं डोंगराळ खोरं आहे. तिथलं थ्वेट हे त्याचं खेडं, आणि शाळा शेजारच्या म्यूकर गावात. पोराचं लक्ष मात्र पुस्तकापेक्षा झाडाझुडपांतल्या घरट्यांकडे जास्त. त्या काळी तिकडे घरटं सापडलं की अंडी काढून आणायची, बारीक भोक पाडून आतला बलक बाहेर काढायचा आणि टरफलं पेटीत मांडायची. पोरांचा हा खेळ, आणि मोठ्यांचाही हा मानाचा छंद! अशाच घरट्यांच्या मागे लागून रिचर्ड झाडावरून पडला. खुब्याला मार बसला, उपचार नीट झाले नाहीत आणि पाय कायमचा अधू झाला.

पण पाखरांचा नाद काही सुटला नाही. एकदा लंडनच्या कॅसल या प्रकाशन संस्थेतले एक गृहस्थ त्या डोंगरात शिकारीला आले. तिथे ग्राउस नावाचा तितरासारखा पक्षी मिळतो. रिचर्डने त्याच्या आवाजाची अशी काही नक्कल केली की पाहुणे खूश झाले आणि रिचर्डला थेट लंडनमध्ये नोकरी मिळाली! असा कॅम्पस इंटरव्ह्यू आपल्या नशिबी कुठला? पुढे त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेला भाऊ चेरी हाही त्याच संस्थेत लागला. चेरीला कॅमेऱ्याचं वेड.

१८९२च्या एप्रिलमध्ये दोघे लंडनजवळच्या एनफील्डला फिरायला गेले होते. तिथे रिचर्डला कस्तुर पक्ष्याचं घरटं दिसलं, आत अंडी. चेरीने फोटो काढला. रानातल्या घरट्याचा अंड्यांसकट काढलेला हा पहिला फोटो मानला जातो. रिचर्डच्या आयुष्याला इथेच वळण मिळालं. ज्या अंड्यांपायी त्याचा पाय गेला, ती आता न उचलताही घरी नेता येत होती. घरटं जागेवर, अंडी जागेवर, आणि लोकांना दाखवायला चित्र हातात! तीनच वर्षांत, १८९५ साली, त्याचं ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक निघालं. मजकूर रिचर्डचा, फोटो चेरीचे.

पण अंडी हलत नाहीत, म्हणून ते सोपं होतं. खरी गंमत त्यातून पिल्लं बाहेर आली की सुरू होते. इंग्लंडच्या उन्हाळ्यात आईबाप दिवसभर किडे, अळ्या आणून चोचीत भरवत असतात. माणूस दिसला की ते घरट्याकडे फिरकत नाहीत. पिल्लं उपाशी राहतात, गारठतात. त्यात कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, फिल्म म्हणजे काचेची प्लेट, आणि एका प्लेटवर एकच फोटो. मग जवळ जायचं कसं?

इथे रिचर्डचं डोकं आपल्या वर्कशॉपवाल्यांसारखं चाललं. पाखरं माणसाला घाबरतात, पण चरणाऱ्या बैलाला घाबरत नाहीत. मग त्याने खऱ्या बैलाचं कातडं मिळवून पोकळ बैलच तयार करवला! आत माणूस उभा राहणार, कॅमेराही आत, आणि भिंग कातड्याच्या भोकातून बाहेर. याशिवाय मेंढी, झाडाचं खोड, दगड अशी सोंगंही त्यांनी रचली. एकदा बैलाच्या पोटात अवघडून उभा राहिलेला रिचर्ड चक्कर येऊन बैलासकट कोसळला. बैल चारी पाय वर करून पडलेला, आणि मालक आत!

उंचावरच्या घरट्यासाठी तिकाटणं उंच करायचं आणि चेरीने रिचर्डच्या खांद्यावर उभं राहायचं. विचार करा, खाली उभा कोण, तर लंगडा भाऊ! समुद्रकाठच्या कड्यांवर दोराने लोंबकळणं झालं. १८९६ साली स्कॉटलंडपलीकडच्या सेंट किल्डा बेटावर जाऊन तिथले समुद्रपक्षीही टिपून झाले.

पुढे रिचर्डने नोकरी सोडली. पुस्तकं लिहिली, गावोगाव पडद्यावर चित्रं दाखवत व्याख्यानं दिली. चेरी आफ्रिकेत जाऊन वन्यप्राण्यांचे चित्रपट काढू लागला. रिचर्ड मात्र शेवटपर्यंत आपल्या शेताकुंपणातल्या पाखरांत रमला. १९२८ साली तो गेला, आणि १९४० साली चेरी. बंदूक आणि अंड्यांची पेटी यांच्याशिवायही पक्षी अभ्यासता येतात, हे या दोघा खेडवळ भावांनी हजारो लोकांना दाखवून दिलं.

असो. आपल्याला बैल बनवायची गरज नाही, खोलीची खिडकी पुरे. पडद्याआडून फोटो घ्या, फ्लॅश बंद ठेवा आणि फांदी वाकवू नका. समोरच्या वायरवर चोचीत अळी धरून एखादा बुलबुल नुसताच बसलेला दिसला, तर तो पोज देत नसतो. आपण तिथून हलायची तो वाट पाहत असतो. तेवढं ओळखा आणि दार हळूच लोटून घ्या.