कै. बाबूराव पेंटर आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी

कोलशेत परिसरातील कारखान्यांत यंत्रापुढे उभे राहून ज्यांनी आपले संसार उभारले, त्या ज्ञातिबांधवांस कै. बाबूरावांचे चरित्र विशेष जवळचे वाटेल. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात मेस्त्री नामक कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच. परंतु हाताला चित्र, मूर्ती व यंत्र यांपैकी काहीच परके नव्हते. बंधुस्थानी असलेल्या आनंदरावांसह नाटकांचे पडदे रंगविता रंगविता मेस्त्री आडनाव मागे पडले व पेंटर हेच रूढ झाले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, आणि या दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा घेण्याइतके द्रव्य नव्हते. तेव्हा तो स्वतःच घडवावयाचा असे ठरले. १९१६ साली आनंदराव निवर्तले. दुसरा एखादा खचून गेला असता. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांस हाताशी धरून १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० च्या 'सैरंध्री'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. तो पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

कंपनी म्हणजे एक गुरुकुलच होते. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम ही मंडळी पडेल ते काम करीत शिकली. जाहिरातीची भित्तिचित्रे स्वतः बाबूराव रंगवीत. १९२५ मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' काढला. देवादिकांच्या कथा सोडून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणण्याचे हे धाडस मला 'सैरंध्री'हूनही मोठे वाटते. दैवदुर्विलास असा की, ज्या कंपनीने हा चित्रपट काढला ती स्वतःच परक्याच्या पैशावर चालत होती. कौशल्य घरचे, भांडवल मात्र दुसऱ्याचे. तेथे कारागिराचा शब्द किती काळ चालणार?

१९२९ मध्ये हे चौघे शिष्य बाहेर पडले व सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साह्याने त्यांनी 'प्रभात' स्थापिली. भागीदारांत स्वतः कारागीरच असल्याने ती वेगळ्या पायावर उभी राहिली. तिच्या 'संत तुकाराम'चा पुढे व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. इकडे मूळ कंपनी लवकरच बंद पडली. बाबूरावांनी इतरांसाठी काही बोलपट केले, १९३६ मध्ये 'सावकारी पाश' पुन्हा बोलता केला, आणि चित्रशिल्पात मन रमविले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे देहावसान झाले.