जीवघेण्या वायूपासून सोनोग्राफीच्या बुडबुड्यांपर्यंत

यकृतात गाठ दिसते, पण क्रिएटिनिन वाढलेले असते. मग सीटी स्कॅनसाठी आयोडिनयुक्त कॉन्ट्रास्ट देताना हात आखडतो. कल्याणला काम करताना असे रुग्ण नेहमी भेटतात. त्यांच्या सोनोग्राफीसाठी एक वेगळे कॉन्ट्रास्ट वापरता येते. त्यातल्या सूक्ष्म बुडबुड्यांत सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू असतो. तो प्रथम तयार केला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ आणि त्यांचे सहकारी पॉल लबो यांनी.

म्वासाँ यांचा जन्म पॅरिसमध्ये २८ सप्टेंबर १८५२ रोजी झाला. वडील रेल्वे कंपनीत नोकरीला, आई शिवणकाम करणारी. शाळेचे अंतिम प्रमाणपत्र न मिळवताच ते बाहेर पडले, घड्याळजीकडे उमेदवारी केली, मग औषधाच्या दुकानात लागले आणि रसायनशास्त्राकडे वळले.

फ्लोरिन वेगळा करण्याच्या नादात बेल्जियमचे लुये आणि फ्रान्सचे निकलेस यांचे प्राण गेले होते. हा वायू जवळपास प्रत्येक पदार्थावर तुटून पडतो. म्वासाँनी प्लॅटिनमचे उपकरण घेतले, ते शून्याखाली खूप थंड केले आणि द्रवरूप हायड्रोजन फ्लोराइडमधून वीज सोडली. २६ जून १८८६ रोजी फ्लोरिन हाती आला. पण विज्ञान अकादमीचे परीक्षक पाहायला आले तेव्हा काहीच घडेना! त्या दिवसासाठी म्वासाँनी हायड्रोजन फ्लोराइड मुद्दाम अधिक शुद्ध केले होते आणि वीज वाहून नेणारा पोटॅशियमचा क्षारच त्यातून गेला होता. क्षार घातल्यावर प्रयोग जमला.

सल्फर हेक्झाफ्लोराइड पुढे याच फ्लोरिनपासून बनला. त्यात गंधकाच्या अणूभोवती सहा फ्लोरिन इतके घट्ट बसतात, की तो शरीरात कशाशीच जुळत नाही. रक्तात फारसा विरघळतही नाही, म्हणून बुडबुडे टिकतात. तांबड्या पेशीपेक्षा लहान असलेले हे बुडबुडे ध्वनिलहरींनी थरथरतात, गाठीतला रक्तप्रवाह पडद्यावर उजळतो आणि काही मिनिटांत वायू श्वासावाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडावर भार नाही. क्वचित ॲलर्जी होते, तेवढे लक्ष ठेवावे लागते.

म्वासाँना १९०६ चे नोबेल मिळाले. स्टॉकहोमहून परतल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचे अपेंडिक्स सुजले आणि २० फेब्रुवारी १९०७ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले. असा पोटदुखीचा रुग्ण आला, की आज आम्ही आधी सोनोग्राफी करून घेतो.