श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर आणि गावोगावची दिंडी

गावात चार माणसे एकत्र येण्याची ठिकाणे थोडी का आहेत? तालीम आहे, गणपतीचे मंडळ आहे, आता बचत गटही झाले. पण या साऱ्यांच्या आधीपासून देवळात खुंटीला वीणा टांगलेली आहे, पेटीत टाळ आहेत, कोपऱ्यात गवसणी घातलेला पखवाज आहे. ही गावची भजनी मंडळी. एकादशीला जागर करावा, सप्ताह बसला म्हणजे पहारे वाटून घेऊन सात दिवस वीणा खाली टेकू देऊ नये, आणि ज्येष्ठ वद्यात पताका काढून पंढरीची वाट धरावी, एवढाच तिचा संसार. ही विखुरलेली मंडळी एका रांगेने, एका शिस्तीने माउलींच्या पालखीबरोबर चालू लागली ती ज्या पुरुषामुळे, त्या हैबतबाबांचे चरित्र येथे सांगावयाचे आहे.

हैबतराव हे सातारा प्रांतीच्या आरफळ गावचे, पवार घराण्यातले. ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी सरदारकी केली, द्रव्य आणि मान दोन्ही मिळवले. पुढे मिळवलेले धन घेऊन गावाकडे निघाले असता सातपुड्यात लुटारूंनी त्यांना गाठले, सर्वस्व हिरावून घेतले आणि गुहेत कोंडून तोंडाशी धोंडा लोटला. तेथे त्यांनी हरिपाठाचा घोष चालवला. एकविसाव्या दिवशी लुटारूंच्या नायकाला पुत्र झाला आणि त्या आनंदात त्याने गुहेत डोकावून पाहिले तो हे नामात दंग! मग त्याने त्यांना सोडून दिले, अशी परंपरेची कथा आहे. कथेतले किती घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. आपल्याला एवढे खरे की सरदार आरफळला संसार थाटण्यासाठी परतले नाहीत. ते आळंदीला आले, आणि रात्र रात्र माउलींच्या समाधीपुढे भजनाला उभे राहू लागले.

त्या काळी वारीची स्थिती कशी होती? तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली पालखीची प्रथा घातली. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन आळंदीस यावे, तेथे ज्ञानोबांच्या पादुका घ्याव्या आणि एकाच पालखीतून दोघांना पंढरीस न्यावे, अशी ती रीत. ज्ञानोबा-तुकाराम हे भजन त्या जोडीचेच. पण पुढे देहूकरांच्या घराण्यात मानपानाचे, हक्काचे वाद उत्पन्न झाले. देवाची सेवा म्हटली तरी भांडणे ती भांडणेच. आपल्या गावात सप्ताहाच्या वेळी काय चालते ते आपण पाहतोच की! तेव्हा हैबतबाबांनी वादात न शिरता १८३२ च्या सुमारास माउलींचा पालखी सोहळा आळंदीहून स्वतंत्र सुरू केला.

एकट्याने का हे होते? अंकलीचे सरदार शितोळे यांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची व्यवस्था लावली. आजही अश्व अंकलीहूनच पायी आळंदीस येतात. भजनाचा भार वासकर, खंडोजीबाबा, शेडगे अशा मंडळींनी उचलला. बाबांजवळ मात्र एक गोष्ट होती जी निव्वळ भजनी माणसाजवळ नसते. लष्कर कसे चालते हे त्यांनी पाहिले होते. कूच केव्हा, विसावा कोठे, तळ कसा पडतो, कोणामागे कोण, हे सारे त्यांच्या अंगात मुरलेले. म्हणूनच आमच्या सोहळ्यात तंबू आहे, घोडा आहे, शिंग आहे, चोपदार आहे. लष्करातले सगळे आले, फक्त शस्त्र तेवढे मागे राहिले.

आता दिंडीची रचना पाहा. पुढे पताकाधारी, त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंगी, मागे विणेकरी, आणि डोक्यावर तुळशी घेतलेल्या माउल्या. ज्याच्या गळ्यात वीणा त्याच्या चालीवर सगळ्यांनी चालावयाचे, मग तो गावात कोणाचा सालगडी का असेना. काकड्यापासून हरिपाठापर्यंत कोणत्या वेळी काय म्हणायचे त्याचाही क्रम ठरलेला. प्रत्येक दिंडीला क्रमांक. आज रथापुढे २७ आहेत आणि मागे तर मोजत बसावे लागेल. गावात वर्गणी होते, शिधा गोळा होतो, दिंडीत भिशी भरून पंगत चालते. एकट्यादुकट्या म्हाताऱ्याने वारी करावी ती या आधारावर.

पण खरी गंमत मुक्कामी. तळावर पालखी आली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. एखादी दिंडी मात्र वाजवतच राहते. तिने उद्धटपणा केला असे समजू नका. तिची तक्रार आहे! कोणी क्रम मोडला, कोणी मध्ये घुसले, जे असेल ते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, मालकांच्या कानावर घालतो, आणि तिचे समाधान झाल्यावाचून आरती होत नाही. मग हरवले-सापडले पुकारतात, उद्या निघण्याची वेळ सांगतात, आणि समाजआरती होते. सबंध दिवस चालून पाय दुखत असतात, पोटात भूक असते, तरी एका दिंडीच्या तक्रारीसाठी सारा समाज ताटकळत उभा राहतो. आमच्या कितीतरी ग्रामसभांत एवढी सोय नाही.

एक उणे मात्र सांगितलेच पाहिजे, नाही तर हे कीर्तन नव्हे, भाटगिरी होईल. दिंड्या जमल्या त्या पुष्कळदा जातीजातींच्या. वाटेवर एक भजन, तळावर मात्र चुली वेगळ्या, असे वर्षानुवर्षे चालले. ज्या चोखोबांचे अभंग आम्ही गळा भरून गातो, त्यांच्या माणसांना विठोबाच्या देवळात पाऊल टाकण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना पंढरीत उपोषण करावे लागले. क्रम लावणे हैबतबाबांना जमले. पंगत एक करणे त्यांच्या मागून आलेल्या आम्हा सर्वांकडे होते, आणि आम्ही त्याला फार वेळ लावला.

बाबांनी देह ठेवला तो आळंदीतच. देवळाच्या महाद्वारात त्यांची पायरी आहे, जशी पंढरीस नामदेवरायांची. सोहळ्याचे मालकपद आजही आरफळकरांकडे आहे. कार्तिक वद्य अष्टमीला माउलींच्या समाधी-उत्सवाचा आरंभ होतो तो या पायरीच्या पूजनाने. पूजन आटोपले की गावोगावच्या दिंड्या तिला हात लावून, तो हात कपाळाला लावून आत जातात.