विनू मंकड : बदनाम झालेले एक नाव

क्रिकेटचा सामना मैदानावर संध्याकाळी संपतो. चहाच्या हॉटेलात तो पुढे कित्येक वर्षे चालू राहतो. १९८१ साली मेलबर्नला पायचीत दिल्यावर गावसकर चेतन चौहानला घेऊन मैदानाबाहेर निघाले, ते योग्य की अयोग्य? १९८० साली वानखेडेवर विश्वनाथने बॉब टेलरला परत बोलावले नसते, तर तो सामना हातचा गेला असता काय? २००८ च्या सिडनी कसोटीत पंचांनी आपल्यावर अन्याय केला की आपणच रडीचा डाव खेळलो? आपल्या परभणीच्या स्टेशन रोडवर हे वाद बापाकडून मुलाकडे वारसाहक्काने आलेले आहेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण अभिमानाने म्हणतो. वादाच्या बाबतीत तरी ते खोटे नाही!

मी इतिहास शिकवतो आणि दुसरे कोणी मिळाले नाही म्हणजे महाविद्यालयाच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या मैदानावर असाच एक मैत्रीचा सामना होता. आमचा फिरकी गोलंदाज धावत आला, पण त्याच्या टोकाला उभा असलेला फलंदाज चेंडू सुटण्याआधीच दोन पावले पुढे गेला होता. गोलंदाजाने थांबून बेल्स उडवल्या, अपील केले आणि मी बोट वर केले. मग जो गलका झाला तो विचारू नका. पाहुण्या मुलांनी ‘मंकड’ हा शब्द शिवीसारखा फेकला आणि आमच्याही निम्म्या मुलांनी माना खाली घातल्या. संध्याकाळी मी मुलांना विचारले, की हे मंकड कोण? एकालाही सांगता आले नाही. एकाला ते कुणा लबाड इंग्रज गोलंदाजाचे नाव वाटत होते. ज्या माणसाने भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला, त्याची ओळख आपल्या मुलांना एका शिवीपुरती असावी, याचे मला फार वाईट वाटले. म्हणून हा चरित्रपर लेख.

मुळवंतराय हिम्मतलाल मंकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगर येथे झाला. ‘विनू’ हे शाळेतले नाव. तेच पुढे जगभर झाले. जामनगर म्हणजे नवानगर संस्थानची राजधानी, रणजितसिंहजींचे गाव. तेथे क्रिकेटला राजाश्रय होता. ससेक्सचे व्यावसायिक खेळाडू आल्बर्ट वेन्सली हे संस्थानात शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली विनूची डावखुरी फिरकी घडली. १९३६–३७ साली नवानगरने रणजी करंडक जिंकला. त्या संघात एकोणीस वर्षांचे मंकड होते. पुढच्याच हंगामात लॉर्ड टेनिसन यांचा इंग्लिश संघ आला. त्या अनधिकृत कसोटी सामन्यांत मंकड यांनी बॅट आणि चेंडू या दोन्हींनी पाहुण्यांना इतके सतावले, की टेनिसन यांनी त्यांना जगाच्या संघात जागा देऊन टाकली.

पण त्याच सुमारास महायुद्ध आले. खेळाडूच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे त्यात गेली. मंकड पहिला कसोटी सामना खेळले ते जून १९४६ मध्ये, लॉर्ड्सवर, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ११२० धावा केल्या आणि १२९ बळी घेतले. इंग्लंडच्या एका दौऱ्यात हजार धावा आणि शंभर बळी हा पराक्रम दुसऱ्या कोणाही भारतीयाला साधलेला नाही.

आता १९४७ च्या अखेरीकडे येऊ. स्वतंत्र भारताचा पहिला संघ लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाला गेला. विजय मर्चंट येऊ शकले नाहीत, फझल महमूद फाळणीमुळे पाकिस्तानात गेले. देश नुकताच रक्तबंबाळ झाला होता. आपली परभणी तर त्या वेळी स्वतंत्र भारतात नव्हतीच. निजामाच्या राजवटीत मराठवाड्याचा लढा चालू होता आणि स्वातंत्र्याची सकाळ येथे १७ सप्टेंबर १९४८ रोजी उजाडायची होती. अशा काळात हे सतरा-अठरा खेळाडू ब्रॅडमनच्या बलाढ्य संघापुढे उभे राहिले.

नोव्हेंबरात सिडनीला ऑस्ट्रेलियन एकादश संघाशी सामना झाला. ब्रॅडमन यांनी आपले शंभरावे शतक याच सामन्यात पुरे केले. बिल ब्राउन हा नामांकित सलामीचा फलंदाज गोलंदाजाच्या टोकाला असताना चेंडू सुटण्याआधीच क्रीज सोडून पुढे सरकत होता. मंकड यांनी त्याला आधी ताकीद दिली. तो पुन्हा पुढे गेला, तेव्हा मंकड यांनी बेल्स उडवून त्याला धावचीत केले. महिन्याभराने, १३ डिसेंबर १९४७ रोजी, त्याच सिडनीवर दुसरा कसोटी सामना चालू होता. ब्राउन १८ धावांवर होता. तो पुन्हा चेंडूच्या आधी निघाला. या वेळी मंकड यांनी ताकीद दिली नाही; सरळ धावचीत केले. पंचांनी बाद दिले.

ऑस्ट्रेलियातील काही वर्तमानपत्रांनी मंकड यांच्यावर अखिलाडूपणाचा शिक्का मारला. पंच चुकले असे कोणी म्हटले नाही, नियम मोडला असेही कोणी म्हटले नाही; तरी दोष मात्र गोलंदाजाचा! याच सुमारास त्यांच्या आडनावाचे क्रियापद झाले आणि ते इंग्रजी क्रिकेटच्या बोलीत कायमचे रुतून बसले. गंमत अशी, की ज्याचा फलंदाज बाद झाला त्या संघाच्या कर्णधाराने मंकड यांचीच बाजू घेतली. ब्रॅडमन यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिले, की चेंडू सुटेपर्यंत फलंदाजाने क्रीजमध्येच राहावे असा नियम आहे. तो लवकर निघाला तर त्याला गैरफायदा मिळतो, मग गोलंदाजाला नावे कशासाठी ठेवायची?

थोडा हिशेब करून पाहू. दोन यष्ट्यांमधले अंतर बावीस यार्ड, म्हणजे ६६ फूट. चेंडू सुटण्याआधी फलंदाज पाच-सहा फूट पुढे गेला, तर धावेचा साधारण बारावा हिस्सा त्याने न धावताच मिळवला. धावचीतचा निकाल बोटभर अंतराने लागतो, तेथे पाच फूट ही काही लहान चोरी नव्हे.

या दौऱ्यात भारत ०–४ असा हरला. लिंडवॉलच्या वेगापुढे मंकड वारंवार बाद होत होते. तेव्हा त्यांनी स्वतः लिंडवॉललाच जाऊन आपली चूक विचारली आणि त्यानेही बॅट फार उंच उचलली जाते असे मोकळेपणी सांगितले, अशी आठवण सांगितली जाते. पुढे मेलबर्नच्या दोन कसोटी सामन्यांत मंकड यांनी ११६ आणि १११ धावा काढल्या. ज्यांना प्रतिस्पर्ध्याकडे जाऊन शिकण्यात कमीपणा वाटला नाही, त्यांना अखिलाडू कसे म्हणावे?

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध शेवटचा कसोटी सामना होता. भारत १९३२ पासून कसोटी खेळत होता, पण एकही विजय पदरी नव्हता. मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ बळी घेतले आणि १० फेब्रुवारी रोजी भारताने एक डाव आणि ८ धावांनी पहिला विजय मिळवला. त्या सामन्यात यष्टिरक्षक सेन यांनी मंकड यांच्या चेंडूंवर पाच फलंदाजांना यष्टिचीत केले. येथे मला एक प्रश्न पडतो. क्रीज सोडून पुढे गेलेल्या फलंदाजाच्या यष्ट्या मागे उभ्या असलेल्या यष्टिरक्षकाने उडवल्या, तर आपण टाळ्या वाजवतो. त्याच चुकीबद्दल समोरच्या टोकाच्या यष्ट्या गोलंदाजाने उडवल्या, तर आपण नाक का मुरडतो?

त्याच वर्षी इंग्लंडचा दौरा होता. मंकड यांचा लँकेशायर लीगमधील हॅस्लिंग्डन क्लबशी व्यावसायिक करार होता. दौऱ्यात निवड होईल अशी हमी त्यांनी मागितली. नियामक मंडळाने ती दिली नाही. दौऱ्याच्या संघात ते नव्हते. लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताची अवस्था शून्य धावांत चार बळी अशी झाली आणि मग मंडळाला मंकड आठवले! दुसरा कोणी रुसून बसला असता. मंकड क्लबची परवानगी मिळवून लॉर्ड्सला आले. पहिल्या डावात ७२ धावा, मग ७३ षटके गोलंदाजी करून पाच बळी, मग दुसऱ्या डावात १८४ धावा आणि पुन्हा २४ षटके! सामना इंग्लंडने आठ बळी राखून जिंकला. पण क्रिकेटच्या इतिहासात तो मंकड यांचा सामना म्हणूनच ओळखला जातो.

ऑक्टोबरात दिल्लीला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी १३ बळी घेतले. त्याच मालिकेत, अवघ्या २३ व्या कसोटीत, त्यांच्या हजार धावा आणि शंभर बळी पूर्ण झाले. हा वेगाचा विक्रम १९७९ साली इयान बोथमने मोडला. १९५४–५५ साली ते भारताचे कर्णधार म्हणून पाकिस्तानला गेले. दोन्ही संघांना पराभवाची इतकी धास्ती, की पाचही सामने अनिर्णित राहिले. त्या काळी पंच यजमान देशाचेच असत, त्यामुळे संशयाला नेहमीच जागा राही. तटस्थ देशाचे पंच कसोटीत उभे राहण्यास १९८६ साल उजाडावे लागले. लाहोरच्या त्या सामन्यात रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर हे दोघे भारतीय पंच होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट.

जानेवारी १९५६ मध्ये मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध मंकड यांनी २३१ धावा केल्या आणि पंकज रॉय यांच्याबरोबर ४१३ धावांची सलामी दिली. ती भागीदारी ५२ वर्षे जागतिक विक्रम म्हणून उभी होती. १९५९ साली ते कसोटीतून निवृत्त झाले. ४४ सामने, २१०९ धावा, १६२ बळी, आणि पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर फलंदाजी. संघाने जेथे उभे केले तेथे ते उभे राहिले. १९७३ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव अशोक हेही भारताकडून खेळले.

माणूस गेला, पण आडनावाची फरफट थांबली नाही. १९८७ च्या विश्वचषकात लाहोरला कोर्टनी वॉल्शने पुढे सरकलेल्या सलीम जाफरला बाद केले नाही. वेस्ट इंडीज हरले आणि वॉल्शचे जगभर कौतुक झाले. त्या कौतुकात मंकड यांना न बोलता टोमणा होताच. २०१९ मध्ये जयपूरला अश्विनने बटलरला आणि २०२२ मध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला असे बाद केले, तेव्हा पुन्हा तेच वादळ उठले. सुनील गावसकर यांनी तर एका भारतीय थोर खेळाडूचे नाव असे वापरण्यालाच अनेकदा आक्षेप घेतला. अखेर १ ऑक्टोबर २०२२ पासून नियमांच्या संहितेत बदल झाला. अशा रीतीने बाद करणे हे ‘गैर खेळ’ या प्रकरणातून काढून साध्या ‘धावचीत’ या प्रकरणात घालण्यात आले. १९४७ च्या त्या दुपारी पंचांनी जो निकाल दिला होता, त्याला पंचाहत्तर वर्षांनी योग्य घर मिळाले.

मग खिलाडूवृत्ती म्हणजे काय? माझ्या मते याचे उत्तर विश्वनाथ आणि मंकड यांना शेजारी ठेवले म्हणजे मिळते. विश्वनाथने टेलरला परत बोलावले, कारण पंचांचा निर्णय चुकला आहे असे त्याला वाटले. पुढे टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि आपण सामना हरलो, तरी विश्वनाथ मोठाच ठरला. चुकीच्या निर्णयाचा फायदा नाकारणे हे मनाचे मोठेपण. परंतु ब्राउनच्या बाबतीत निर्णय बरोबर होता. बरोबर निर्णयाचा फायदा घेतला म्हणून कोणी लहान होत नाही. ताकीद देणे हे सौजन्य आहे, बंधन नव्हे. आणि मंकड यांनी ते सौजन्य महिन्याभरापूर्वीच दाखवले होते. कसोटीतही आणखी एकदा ताकीद दिली असती तर बरे झाले असते, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण त्यासाठी बदनामीची शिक्षा?

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही वाद जरूर घाला. वादाशिवाय क्रिकेटला चव नाही. फक्त बोलण्याआधी नियम काय आहे हे पाहा, आणि फलंदाजाच्या जागी आपला खेळाडू असता तर आपण काय म्हटले असते, हेही मनाशी विचारा. एकच फूटपट्टी दोन्ही संघांना लावता आली, की तुमच्या मताला किंमत येईल. आज एकोणीस वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा विनू मंकड यांच्या नावाने खेळली जाते आणि २०२१ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनेही त्यांना आपल्या मानाच्या यादीत स्थान दिले. ते नाव घ्यायचे तर मद्रासच्या बारा बळींसाठी घ्या, लॉर्ड्सच्या १८४ धावांसाठी घ्या. क्रीज सोडून निघालेल्या फलंदाजासाठी आपल्या मराठीत एक स्वच्छ शब्द आहे. तो धावचीत झाला, एवढेच म्हणा.