पेद्रो दे लुना : शेवटपर्यंत माघार न घेतलेला पोप



एकाच गादीवर दोघांनी हक्क सांगितला की राज्याचे दोन तुकडे पडतात, हे तुम्ही इतिहासात वाचलं आहे. पण कॅथलिक चर्चचा सर्वोच्च धर्मगुरू म्हणजे पोप. त्याच्याच गादीवर एकाच वेळी दोन, आणि नंतर तर तीन दावेदार होते, हे तुम्हाला माहीत आहे का? १३७८ ते १४१७ या काळाला युरोपच्या इतिहासात ‘महाफूट’ म्हणतात. या फुटीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत असलेल्या एका माणसाची आज ओळख करून घेऊ. त्याचं नाव पेद्रो दे लुना.

पेद्रोचा जन्म १३२८ च्या सुमारास स्पेनमधल्या अरागॉन राज्यात, इयुएका या गावी एका सरदार घराण्यात झाला. ‘लुना’ म्हणजे चंद्र. म्हणून घराण्याच्या चिन्हावर उलटी चंद्रकोर होती. पेद्रो फ्रान्समधल्या माँपेलिए इथे चर्चचा कायदा शिकवत असे. राहणी साधी, बुद्धी तल्लख. अकराव्या ग्रेगरी पोपने १३७५ मध्ये त्याला कार्डिनल केलं. कार्डिनल म्हणजे पोपची निवड करणारे वरिष्ठ धर्माधिकारी, हे लक्षात ठेवा. पुढे याच पदावरून सगळा वाद रंगणार आहे.

त्याआधी सुमारे ७० वर्षं पोपचं ठाणं रोममध्ये नव्हतं, तर ॲव्हिन्यों या शहरात होतं. ग्रेगरी १३७७ मध्ये रोमला परतला आणि पुढच्याच वर्षी वारला. नवा पोप निवडायला १६ कार्डिनल जमले. त्यांत बहुसंख्य फ्रेंच होते आणि पेद्रो एकटा स्पॅनिश. बाहेर रोमच्या लोकांचा जमाव खवळला होता. पोप रोमचा, निदान इटलीचा तरी हवा, अशी त्यांची मागणी होती. शेवटी बारीचा आर्चबिशप निवडला गेला. तोच सहावा अर्बन.

अर्बन फार तापट निघाला. तो कार्डिनलांचा सर्वांसमक्ष अपमान करू लागला. तेव्हा एकेक कार्डिनल रोम सोडून गेला. जमावाच्या धाकाखाली झालेली निवड खरी नाही, असं जाहीर करून त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा पोप निवडला, सातवा क्लेमेंट. पेद्रोला आधी अर्बनची निवड योग्य वाटत होती, पण नंतर तोही क्लेमेंटच्या बाजूला गेला. क्लेमेंट ॲव्हिन्योंला जाऊन राहिला. फ्रान्स, स्कॉटलंड आणि पुढे स्पेनमधली राज्यं त्याच्या बाजूला, तर इंग्लंड, हंगेरी, पोलंड आणि जर्मनीचा बराचसा भाग रोमच्या बाजूला. दोन्ही पोप एकमेकांना बहिष्कृत करत होते. आता सांगा, साध्या भाविकाने कुणाचं ऐकायचं?

१३९४ मध्ये क्लेमेंट वारला. ॲव्हिन्योंच्या कार्डिनलांनी नव्या निवडीआधी शपथ घेतली : निवडून येणारा फूट मिटवण्यासाठी झटेल आणि गरज पडली तर गादीही सोडेल. पेद्रोनेही ती शपथ घेतली आणि तोच निवडून आला! गंमत म्हणजे तोवर त्याला पुरोहितपदाची दीक्षाही मिळालेली नव्हती. ती निवडीनंतर देण्यात आली. तो आता तेरावा बेनेडिक्ट झाला होता.

मात्र गादी सोडायची वेळ आली तेव्हा तो हटला नाही. खऱ्या पोपने दबावाखाली पद सोडणं हेच पाप आहे, असं त्याचं म्हणणं. १३९८ मध्ये फ्रान्सने त्याचा पाठिंबा काढून घेतला. बहुतेक कार्डिनल सोडून गेले आणि ॲव्हिन्योंच्या राजवाड्याला वेढा पडला. जवळजवळ साडेचार वर्षं तो आत अडकून होता. मार्च १४०३ मध्ये एका रात्री वेषांतर करून तो निसटला! पुढे १४०७ मध्ये रोमच्या बाराव्या ग्रेगरीशी त्याची भेट सावोना इथे ठरली. दोघंही निघाले, जवळही आले, पण भेट काही झालीच नाही.

वैतागून दोन्हीकडच्या कार्डिनलांनी १४०९ मध्ये पिसा इथे परिषद भरवली. दोघांनाही पदच्युत करून तिसराच पोप निवडला. दोघांनी ते मानलं नाही, म्हणजे दोनाचे झाले तीन! मग १४१४ मध्ये कॉन्स्टन्सची परिषद भरली. पिसाच्या परंपरेतला तेविसावा जॉन पळून गेला, पण पकडला गेला आणि पदावरून काढला गेला. ग्रेगरीने स्वतःहून राजीनामा दिला. उरला एकटा बेनेडिक्ट.

त्याचा युक्तिवाद वकिली थाटाचा होता. तो म्हणे, १३७८ नंतरचे सगळेच पोप संशयास्पद धरले, तर त्यांनी नेमलेले कार्डिनलही संशयास्पद ठरतात. फुटीआधी नेमलेला एकच कार्डिनल जिवंत आहे, तो म्हणजे मी. तेव्हा पोप निवडायचा निर्विवाद अधिकार माझ्या एकट्याचा! हे खोडून काढणं अवघड होतं. पण ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. त्याचा जुना सहकारी, प्रसिद्ध प्रवचनकार व्हिन्सेंट फेरर यानेच जानेवारी १४१६ मध्ये अरागॉनने पाठिंबा काढल्याची घोषणा वाचून दाखवली. १४१७ मध्ये परिषदेने बेनेडिक्टला पदच्युत केलं आणि पाचवा मार्टिन पोप झाला. फूट संपली.

बेनेडिक्टसाठी मात्र ती संपली नाही. भूमध्य समुद्रात घुसलेल्या खडकावरच्या पेनिस्कोला किल्ल्यात तो मूठभर माणसांसह राहिला. मरणाआधी त्याने चार नवे कार्डिनलही नेमले. १४२३ मध्ये, नव्वदी ओलांडून गेल्यावर तो वारला, तेव्हाही स्वतःच्या मते तोच पोप होता.

त्याच्या नावावर चांगलं-वाईट दोन्ही आहे. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाला १४१३ मध्ये त्यानेच मान्यता दिली. तिथल्या चिन्हात त्याची चंद्रकोर आजही दिसते. पण स्पेनमधल्या ज्यूंवर कडक निर्बंध घालणारं फर्मानही त्याचंच. चर्चने पुढे त्याला अधिकृत यादीत धरलं नाही. १७२४ मध्ये दुसऱ्याच एका पोपला तेरावा बेनेडिक्ट हे नाव मिळालं.

मित्रांनो, पेद्रो भित्रा नव्हता, लाचार नव्हता, कायद्याचा अडाणी तर मुळीच नव्हता. तरीही तो हरला, कारण त्याने हक्काचा विचार केला आणि दिलेला शब्द मागे पडला. आपलं बरोबर आहे याची खात्री असताना, सगळ्यांच्या भल्यासाठी बाजूला होणं हा पराभव की मोठेपणा? वहीत आठ-दहा ओळी लिहा. उत्तर एकच असेल असं मात्र नाही, बरं का!