सात काचांचे तीन गट

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या शौकिनांना लुडविग बर्टेले हे नाव पाठ असतं. जन्म १९०० चा, म्युनिकचा. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीत त्यांनी पंचविशीच्या आतच एफ/२ ची एर्नोस्टार लेन्स तयार केली आणि घरातल्या उजेडातही, फ्लॅशशिवाय, फोटो निघू लागले.

१९२६ मध्ये एर्नेमान झाइस इकॉनमध्ये विलीन झाली. तिथे कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी आणखी वेगवान लेन्स हवी होती. अडचण अशी, की काचेचा हवेला लागलेला प्रत्येक पृष्ठभाग चार-पाच टक्के प्रकाश परत फेकतो आणि तेव्हा कोटिंग नव्हतं. जास्त काचा घातल्या की चित्र फिकं! बर्टेलेंनी काचा एकमेकींना चिकटवल्या. सात काचा, पण गट तीनच. उघडे पृष्ठभाग फक्त सहा. हीच १९३२ ची एफ/१.५ सोनार. सगळी आकडेमोड कॉम्प्युटरशिवाय, बरं का!

दोष एक राहिला. अ‍ॅपर्चर लहान केलं की फोकस किंचित मागे सरकतो आणि रेंजफाइंडरला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून जाणकार आजही जुनी सोनार घेतल्यावर ती कोणत्या अ‍ॅपर्चरला अचूक बसते, ते आधी तपासतात.

युद्धानंतर बर्टेले स्वित्झर्लंडला गेले आणि विमानातून नकाशे काढण्याच्या लेन्सवर काम केलं. सोनारचा आराखडा रशियात ज्युपिटर-३, तर जपानात निक्कोर म्हणून चालत राहिला. १९८५ मध्ये ते वारले. कोटिंगची वाट पाहत बसले असते, तर सोनार झालीच नसती.