कर्नल नायडू आणि १९४५ चा अंतिम सामना

बुऱ्हाणपूर-दापोरा भागातील जुन्या मराठी घराण्यांना कर्नल सी. के. नायडू दोन्हीकडून आपले वाटावेत, हे साहजिक आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, आणि नायडूंचा जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५ चा. शेजार मात्र होळकरांचा. आणि नायडूंची कर्मभूमी इंदूर. घराणे तेलुगू, शिक्षण नागपुरात. १९२३ साली महाराज तुकोजीराव होळकर यांनी त्यांना इंदुरास बोलावून घेतले, संस्थानच्या फौजेत हुद्दा दिला, आणि तेव्हापासून ते इंदूरचेच झाले.

डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार होते. हिंदी खेळाडू इंग्रजांशी बरोबरीने खेळू शकतो, हे त्या दिवशी हजारोंनी डोळ्यांनी पाहिले. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला. त्यात कर्णधारपद त्यांच्याकडेच होते. हाताला दुखापत झाली असतानाही पहिल्या डावात त्यांनी संघातील सर्वाधिक, ४० धावा केल्या. सामना मात्र १५८ धावांनी गेला.

परंतु त्यांच्या धैर्याची खरी कसोटी पुढेच होती. मार्च १९४५ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघ मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर उतरला. नायडू तेव्हा पन्नाशीला टेकले होते. महूच्या छावणीत लष्करी नोकरीवर असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळत होता. मुंबईने ४६२ व ७६४ धावा केल्या. विजय मर्चंट यांच्या एका डावात २७८. नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. यांनी ९१७ चेंडू टाकले, ४२८ धावा देऊन ११ गडी बाद केले. एका सामन्यात एवढे चेंडू प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये दुसऱ्या कोणी टाकलेले नाहीत. पहिल्या डावात ३६० करणाऱ्या होळकरांपुढे आता ८६७ धावांचे लक्ष्य होते. असल्या आकड्यापुढे कोणाचेही हातपाय गळावेत. तरी कॉम्प्टनने नाबाद २४९ आणि मुश्ताक अलींनी १३९ धावा काढून संघाला ४९२ पर्यंत नेले. सहा दिवस चाललेल्या सामन्यात एकूण २०७८ धावा झाल्या, आणि इंदूर ३७४ धावांनी हरले.

एवढ्या वयाच्या माणसाने तेथेच बॅट ठेवून दिली असती, तर कोणी नावे ठेवली नसती. नायडूंनी तसे केले नाही. पुढच्याच वर्षी अंतिम सामना इंदुरास, बडोद्याशी झाला. ५० वर्षांच्या कर्णधाराने २०० धावा काढल्या आणि होळकरांनी ५६ धावांनी करंडक जिंकला. १९४७-४८ मध्ये तर अंतिम फेरीत मुंबईचाच ९ गडी राखून पाडाव झाला. सरवटे, जगदाळे, निंबाळकर, हिरालाल गायकवाड असे मराठी खेळाडू या शिस्तीत तयार झाले. १९५०-५१ व १९५२-५३ मध्येही करंडक इंदुरास आला. सहा वेळा संघ उपविजेता राहिला.

संस्थान गेले, आणि १९५५ नंतर होळकर संघही राहिला नाही. नायडू मात्र १९५६-५७ च्या हंगामात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, उत्तर प्रदेशाकडून रणजी सामन्यात उतरले. १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरातच त्यांचे निधन झाले.

मध्य प्रदेशाला स्वतःच्या नावाने करंडक मिळण्यास २०२२ साल उजाडले, आणि अंतिम सामन्यात समोर पुन्हा मुंबईच होती. त्या दिवशी इंदुरातील अनेक जुन्या घरांत कर्नलांची आठवण निघाली असेल. १९४५ चा तो आकडा कोणाला पुसता आला नाही. कर्नलांनी त्याच्यापुढे वर्षभरात दुसरा आकडा मांडला, आणि मुलांना सांगण्यासारखे आहे ते हेच.